जोडीतलं दुसरं पिस्तूल

एका रविवारी सकाळी उबर्तीनने माझं दार वाजवलं. हातात भाजीची पिशवी, चेहऱ्यावर देवळातला भाव.

"देझिरे, कोट घाल आणि बाजारात चल. मला साक्षीदार हवाय."

"कशाला?"

"एका माणसाकडून खरं वदवून घ्यायचंय. एकट्या म्हातारीचं कोण ऐकतं?"

उबर्तीन माझी शेजारीण. वय अठ्ठ्याहत्तर, गुडघे गेलेले, जीभ शाबूत. तिचा बाप लांबेर घरीच पिस्तुलं घडवायचा आणि ही लहानपणापासून त्याच्या शेजारी बसून नळ्या घासायची. मी लिएज शहरातल्या बंदुकांच्या चाचणीघरात बावीस वर्षं नळ्यांवर ठसे मारलेले. तेव्हा साक्षीदार म्हणून मी काही अगदीच टाकाऊ नव्हतो.

नदीकाठच्या त्या बाजारात दमुलां नावाचा जुन्या वस्तूंचा व्यापारी बसे. हातात पांढरे मोजे, गळ्यात भिंग. विकत घेताना त्याला प्रत्येक पिस्तूल परवाचं दिसायचं आणि विकताना तेच नेपोलियनच्या काळातलं.

उबर्तीनने पिशवीतली भाजी बाजूला सारली आणि फडक्यात गुंडाळलेलं, चकमकीच्या ठिणगीवर उडणारं पिस्तूल त्याच्यासमोर ठेवलं. "मस्यू दमुलां, हे आमच्या माळ्यावर होतं. माझी भाची म्हणते, यात घर येईल."

दमुलांने भिंग लावलं आणि कीव आल्यासारखा हसला. "भाचीला सांगा, घराचं दारसुद्धा येणार नाही. नळीवर हा अंडाकृती ठसा दिसतो ना? तो लिएजचा. आणि त्याच्यावर हा मुकुट. मुकुट आला अठराशे त्र्याण्णवनंतर. आता स्क्रूच्या खाचा बघा. सगळ्या सारख्या, म्हणजे यंत्राच्या. हाताने कापल्या असत्या तर दोन सारख्या निघाल्या नसत्या. मादाम, हे मिरवणुकीत शिपायाचं सोंग घेणाऱ्यांसाठी केलेलं आहे. साठ युरो देतो. तेही तुमच्या वयाकडे बघून."

माणूस लबाड होता, पण आंधळा नव्हता. त्याचा एक शब्द चुकीचा नव्हता.

"एवढं सगळं माझ्या लक्षात कसं राहणार?" उबर्तीन म्हणाली. "भाचीसाठी लिहून द्याल? ठसा, खाचा, किंमत, सगळं."

त्याने मोठ्या ऐटीत लिहून दिलं. खाली सही, वर दुकानाचा शिक्का. तिने कागद दोनदा वाचला, घडी करून पर्समध्ये ठेवला आणि मग बोट दाखवलं. "आणि ते काचेखालचं?"

काचेखाली एक पिस्तूल होतं. शेजारी चिठ्ठी: 'सम्राटाच्या सैन्यातील अधिकाऱ्याचे, अंदाजे १८०८. एकोणीसशे युरो.'

"ते वेगळं, मादाम. ते इतिहासातलं."

"जरा हातात देता?"

दमुलां घुटमळला. शेजारची चीजवाली गिलेन सगळं ऐकत होती. ती म्हणाली, "द्या की. त्या गुडघ्यांवर ती कुठवर पळणार आहे?"

दोन्ही पिस्तुलं शेजारी शेजारी ठेवली आणि आजूबाजूची माणसं पुढे सरकली. मुठीवर तीच पानांची नक्षी, टोकाला तोच सिंह. चापाखाली तिच्या पिस्तुलावर '१' कोरलेला, काचेखालच्यावर '२'.

"याच्यावर मुकुट नाहीये," दमुलां घाईने म्हणाला.

मी रुमाल ओला केला आणि ठशाच्या वरचा भाग चोळला. तपकिरी मेण निघालं. खाली कानशीचे ओरखडे चकाकत होते. "मुकुट कुठे बसतो हे मला शिकवू नका," मी म्हटलं. "माझी अर्धी हयात त्याच्यावर हातोडी मारण्यात गेली आहे."

"मी घेतलं तेव्हा ते असंच होतं."

"असेल," उबर्तीन गोड आवाजात म्हणाली. "मला त्यातलं काय कळणार? फक्त एक सांगा. हे सम्राटाच्या काळातलं असेल तर माझंही तेच. मग माझ्यासाठी एकोणीसशे काढा. आणि माझं सोंगाचं असेल, तर तुमची किंमत तुमच्याच हस्ताक्षरात माझ्या पर्समध्ये आहे. तुम्ही म्हणाल ते मला मान्य."

दमुलांने माणसांकडे बघितलं, गिलेनकडे बघितलं, मग भिंग काढून खिशात घातलं. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं अशी गत. शेवटी म्हणाला, "साठ."

उबर्तीनने साठ युरो मोजून दिले आणि दोन्ही पिस्तुलं पिशवीत टाकली. पैसे तिने आधीपासूनच वेगळे काढून आणले होते.

परत येताना तिने मला खरं काय ते सांगितलं. ती जोडी चौतीस साली तिच्या बापाने गावच्या मिरवणुकीसाठी घडवली होती. नळ्या घासल्या होत्या हिने, वयाच्या सातव्या वर्षी. त्यातलं एक तिच्या भावाने जुगारासाठी विकून टाकलं आणि बाप त्यानंतर त्याच्याशी कधी बोलला नाही. मागच्याच रविवारी ते तिला काचेखाली दिसलं होतं.

"समजा, त्याने एकोणीसशे काढून ठेवले असते तर?" मी विचारलं.

"तर मी कबूल केलं असतं की बापाने बनवलंय."

"लगेच?"

"जेवण झाल्यावर."

महिन्याभराने एका गुरुवारी दमुलां खोका घेऊन तिच्या स्वयंपाकघरात आला. मीही कॉफीला तिथेच होतो. मान खाली घालून म्हणाला, "मादाम, ही तीन पिस्तुलं जरा बघता? लोक आता मला फार प्रश्न विचारतात."

तिने चष्मा पुसला. पहिल्या दोन्हींच्या नळीत बोट फिरवून ती बाजूला सारली. "या गंजाचं वय सहा महिने. कोणीतरी व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवलीत." तिसरं तिने खूप वेळ बघितलं. स्क्रू, मूठ, ठसा, पुन्हा स्क्रू.

"याचे पन्नास देते," ती सहज म्हणाली.

दमुलांचा हात खोक्याकडे गेला आणि थांबला. त्याने तिच्या तोंडाकडे निरखून बघितलं. "तुम्ही स्वतःहून पन्नास म्हणताय, म्हणजे त्याची खरी किंमत काय?"

"आता कसं बोललात," उबर्तीन म्हणाली आणि त्याच्या कपात कॉफी ओतली. "आता खुर्ची जवळ ओढा. खाचांपासून सुरुवात करू."