काचेवर पालथे पडलेले कागद

मी एक जुना स्कॅनर आहे. तलमडुगूच्या बसथांब्यासमोर चंपतरावांचे ऑनलाइन फॉर्म भरून देण्याचे दुकान आहे, तिथल्या टेबलावर माझा मुक्काम. मित्रांनो, सगळे कागद माझ्या काचेवर पालथे पडतात, त्यामुळे त्यांचे तोंड मला फार जवळून दिसते. कारखान्यातून आलो तेव्हा मी भोळा होतो, शिक्का दिसला की खरा मानायचो. पण सोंगे पाहून पाहून संशयी झालो.

नवा होतो तेव्हा चंपतराव मला रोज मऊ फडक्याने पुसत आणि गिऱ्हाइकांपुढे माझे कौतुक करत. पुढे लोक मोबाईलवरच फोटो काढू लागले आणि माझ्या झाकणावर चहाचे कप आले. वाईट वाटते, खोटे कशाला बोलू?

यंदा उन्हाळ्यात दीपमाला आली. कापूस-ज्वारीच्या घरातली, इंटर म्हणजे बारावी पास झालेली पोर. वेबसाइट बनवायची, जाहिरातींची चित्रे करायची की आकडे तपासायचे, याचा विचार करून तिने वहीची दोन पाने भरली होती. हैदराबादच्या एका कंपनीचे नोकरीचे पत्र तिच्या हातात होते. 'डिजिटल' हा शब्द त्यात सात वेळा. माझ्या मनात लगेच पाल चुकचुकली.

पत्रात अट होती, दहावी आणि इंटरचे असल मेमो जमा करा. असल मेमो म्हणजे मूळ गुणपत्रिका. आमच्याकडे कॉलेजेही असल कागद ठेवून घेतात, म्हणून यात कुणाला काही वावगे वाटत नाही. दीपमालालाही वाटले नाही.

पत्राखालची सही मात्र मी ओळखली. गेल्या वर्षी तिच्याच गावच्या करणच्या पत्रावर हीच होती. मला बोलता येत नाही. म्हणून जीव लावून मी ती सही स्वच्छ उतरवली.

चंपतराव कॉम्प्युटरवरच्या जुन्या फायली कधी पुसत नाहीत. आपली फाईल शोधताना दीपमालाने चुकून करणचीच उघडली. त्यातली सही तिला ओळखीची वाटली. दोन्ही पत्रे शेजारी ठेवून तिने सह्या मोठ्या केल्या. शाई एकाच जागी तुटलेली, भोवती तीच फिकट चौकट.

"मामा, मानूस दोनदा सही करते त अशी तंतोतंत येते काय?"

चंपतरावांनी चष्मा चढवला. "नाई येत, पोरी. हे चिकटवेल हाय."

"करणचे मेमो तेथंच अडकले न?"

"वरीस झालं. आजून चकरा मारून राह्यला तो. मेमोबिगर कोनी घेत नाई त्याले."

दीपमालाने तिथूनच कंपनीला फोन लावला. "सर, झेरॉक्स लाती हूँ. असल नहीं देती."

फोन कट झाला. पुन्हा लावला, तर कोणी उचलला नाही.

माझा संशय खरा ठरला, पण मला आनंद झाला नाही. तिची आई सोजरबाई गल्लीत साखर वाटून बसली होती. पोर टेबलाशी बसून रडली.

"ज्या कामाच्या मांगं लागली, त्यातलं तपासायचं काम तुले आत्ताच येते," चंपतराव म्हणाले. "जवळच्या मावला गावाले कॉम्प्युटरचा क्लास हाय. पत्ता देतो."

तिने डोळे पुसले, मेमो पिशवीत घातले आणि पिशवी छातीशी धरून विचारले, "तेथं असल द्या लागते काय?"

मित्रांनो, मला पुसा न पुसा. पण कागद पुढे करण्याआधी एवढे विचारत जा.