जळगाव रोडवरची चाचणी

त्या उन्हाळ्यात शहरात टँकरमागं भांडणं चालली होती, आणि सुकेशनीच्या मनात नानासाहेबांविषयीचा राग धुमसत होता.

चिकलठाण्याच्या औषध कंपनीत ती त्यांच्या हाताखाली काम करायची. आदल्या वर्षी संधिवाताच्या इंजेक्शनचे नमुने गढूळ झाले, तेव्हा भर बैठकीत धनगराघरच्या सुकेशनीकडं बघत साहेब म्हणाले होते, "मेंढरांमागून आलेल्यांना स्वच्छता काय कळणार?" तिची बढती गेली.

खरं कारण तिनं नंतर खपून शोधलं. औषध म्हणजे अँटीबॉडी, प्रथिनाचा मोठा रेणू. द्रवाच्या पृष्ठभागावर पोचला की उलगडतो, आणि असे रेणू एकमेकांना चिकटून द्रव गढूळ होतो. म्हणून त्यात साबणाच्या जातीचं सरफॅक्टंट घालतात. ते चपळ, शर्यतीत आधी पोचतं आणि जागा अडवून बसतं. पण साठवणुकीत ते स्वतःच खराब होतं, या भीतीनं नानासाहेबांनी ते जवळजवळ काढूनच टाकलं होतं.

तिनं सांगितलं तर ते हसले. "फ्रीजमध्ये माझ्या कुप्या काचेसारख्या आहेत."

फ्रीजमध्ये त्या हलत कुठं होत्या? पण हे ती बोलली नाही.

औषध घेऊ पाहणाऱ्या कंपनीच्या श्रेया मॅडम पाहणीला आल्या, तेव्हा त्यांच्यासमोरच ती म्हणाली, "सर, कुप्या जळगाव रोडनं सिल्लोडपर्यंत नेऊ या का? माल प्रवासात टिकतो हे मॅडमना दिसेल. सरफॅक्टंट जास्त असलेल्या माझ्या कुप्याही घेते."

साहेबांना नाही म्हणता येईना.

जीपमध्ये पुढं साहेब, मांडीवर बर्फाची पेटी. मागं मॅडम आणि ती. चौपदरीकरणासाठी रस्ता उखडलेला. ड्रायव्हर कडूबानं वेग कमी केला, तशी ती म्हणाली, "हळू कशाला, कडूबाभाऊ? माल प्रवासात टिकतो, हेच तर दाखवायचंय." प्रत्येक आदळण्यासरशी साहेबांच्या कुपीतला पृष्ठभाग मोडत होता, नवा होत होता, आणि त्या मोकळ्या जागेवर अँटीबॉडी जाऊन बसत होती. तिला लई बरं वाटत होतं.

सिल्लोडच्या विश्रामगृहात पेटी उघडली. तिच्या कुप्या स्वच्छ. साहेबांच्या कुप्यांत पांढरे तंतू तरंगत होते.

"गेल्या वर्षीही हेच झालं होतं?" मॅडमनी विचारलं.

साहेब पेटीचं झाकण लावू लागले. "व्हय," सुकेशनी म्हणाली. "ठपका माझ्यावर आला."

परतताना साहेब मान न वळवता बोलले, "बंद खोलीत दाखवता आलं असतं."

"तुम्ही मला बंद खोलीत बोलला नव्हतात, सर."

सरफॅक्टंट वाढलं, औषध पुढं गेलं. साहेबांनी पुण्याला बदली मागून घेतली, त्यांची जागा सुकेशनीला मिळाली. निरोपाच्या दुपारी सगळे खाली जमले, तेव्हा सुकेशनीनं त्यांच्या केबिनमधली खुर्ची खिडकीकडं ओढली आणि कामाला बसली.