अर्ध्या नावाचा सोडा

मी सोड्याचा एक जुना डबा आहे. मित्रांनो, 'कोणता सोडा?' असं विचारलंत, तर तुम्ही शहाणे. खाण्याचा सोडा म्हणजे सोडियम बायकार्बोनेट. तो केक फुगवतो आणि सगळ्यांचा लाडका होतो. माझ्या पोटातला आहे धुण्याचा, सोडियम कार्बोनेट. नावात फरक दोनच अक्षरांचा, पण कॉलरचा मळ काढणारा मी जिभेचीही सालटी काढीन.

एका लाँड्रीवाल्याने लाल रंगाने माझ्यावर 'धुण्याचा सोडा' असं लिहिलं होतं. मागच्या खोलीत पाणी उकळायचं, चादरींचे ढीग पडायचे, मला उसंत नसायची. आतून त्याची बायको हाक मारायची, "अहो, सोडा!"

"अगं, मी धरलंय काय, सोडायला?"

रोजचाच विनोद, पण दोघं रोज हसायची.

पुढे तो वारला, लाँड्री बंद पडली. बाईंनी मला स्वयंपाकघरात वरच्या फळीवर ठेवलं. वाफेने 'धुण्याचा' केव्हाच पुसलं होतं, उरला नुसता 'सोडा'. झाकण कुणी उघडेना. असून अडचण, नसून खोळंबा, अशी माझी गत. फार एकटं वाटायचं. बाईंनाही वाटत असावं, कारण त्या भांड्यांशी बोलायच्या.

एकदा लेक राहायला आली. आईसाठी केक करताना तिने मला खाली काढलं. इतक्या काळाने माणसाचा हात लागला, मी हरखलोच! पण चमचा पिठाकडे वळला. ओरडायला मला तोंड कुठे?

बाई दारातून किंचाळल्या, "सोड! सोड!"

"सोडाच घालतेय गं, आई!"

बाईंनी धावत येऊन तिचा हात धरला. "धुण्याचा आहे तो! घसा पोळला असता!"

लेक पांढरीफटक पडली. "आधी फेकून दे हा डबा. आता इथे कोण धुतंय?"

"राहू दे. त्यांच्या हातचा आहे."

मग लेकीने जाड पेनने माझ्यावर 'धुण्याचा' लिहिलं आणि दुसऱ्या दिवशी ती गेली.

मित्रांनो, डब्यावर पूर्ण नाव लिहा, अर्ध्या नावाने घात होतो. आणि आणखी एक सांगतो. हल्ली फोन आला की लेक आधी विचारते, "आई, तो डबा लांब ठेवलास ना?" बाई "हो" म्हणतात आणि पुढच्या प्रश्नाची वाट बघत फोन कानाशी धरून बसतात. तेवढा पुढचा प्रश्न विचारत जा.