ह्यांची इम्पाला

पद्मजावहिनींचं पत्र दिवाळीत आलं होतं आणि माघ सरत आला तरी महादेवरावांनी त्याला उत्तर दिलं नव्हतं. पत्र अगदी छोटं. ‘भावोजी, अनय नवी लॅन्सर घेतो म्हणतो. इम्पाला घ्यायला मुंबईचा एक माणूस तयार आहे. तुम्ही गाड्यांवर एवढं वाचता म्हणून विचारते. नवी चांगली की जुनी, ते मला नको. ही गाडी गेली तर हे कुठे राहतील, तेवढं कळवा. तुम्ही हो म्हणालात तर मी हो म्हणेन.’

‘हे’ म्हणजे महादेवरावांचे थोरले भाऊ, अच्युतदादा. चार वर्षांपूर्वी एका संध्याकाळी दादा कोलाडहून परतले, रोह्याच्या घरामागच्या शेडमध्ये आपली जुनी अमेरिकन इम्पाला लावली आणि खाली उतरलेच नाहीत. वहिनी चहा गाळून वाट पाहत राहिल्या. शेवटी बघायला गेल्या, तर दादांचे हात स्टिअरिंगवर तसेच होते. तेव्हापासून रोज तिन्हीसांजेला वहिनी शेडचं दार उघडायच्या, दिवसभराचं काय काय ते गाडीला सांगायच्या आणि दार लावून घ्यायच्या.

महादेवराव पेणच्या वाचनालयातून निवृत्त झालेले. सायकलीपलीकडे त्यांनी जन्मात काही चालवलं नव्हतं, पण गाड्यांची मासिकं जाहिरातींसकट वाचायची, हा त्यांचा एकुलता एक शौक. उत्तर लिहायला ते कितीदा तरी बसले. लॅन्सर, होंडा सिटी, ॲस्ट्रा या नव्या गाड्या कागदावर शेजारी शेजारी उभ्या केल्या. कोणती चटकन वेग घेते, कोणती वळणावर रस्ता धरून राहते, सगळं लिहिलं. त्यांच्यासमोर इम्पाला उभी केली, आठ सिलिंडरची, होडीसारखी लांब, पेट्रोल पाण्यासारखं पिणारी. आणि दर वेळी ‘हे कुठे राहतील’पाशी पेन अडलं. याचं उत्तर कुठल्या मासिकात मिळणार? आणि असलं काही सांगणारे आपण कोण? कागद फाटायचा, पत्र उद्यावर जायचं.

शेवटी एका सकाळी पुतण्या दारात उभा राहिला. मागे रस्त्यावर चकचकीत लॅन्सर.

“काका, आईनं सगळं तुमच्यावर सोडलंय आणि तुम्ही मौनव्रत धरून बसलात!” अनय म्हणाला. “तो मुंबईवाला आता शेवटचं विचारतोय. मित्राची गाडी आणलीय, चला बसा. काय ते आईला तोंडानं सांगा.”

“अरे, पण मला गाडीतलं काय कळतं?”

“मग ती मासिकं काय भजी बांधायला ठेवता?”

महादेवराव निमूटपणे बसले. वडखळ मागे पडल्यावर अनयची जीभ आणि गाडी दोन्ही सैल सुटली.

“सिटी पळायला हिच्यापेक्षा उतावळी, मान्य. ॲस्ट्रा भारदस्त. पण ही वळणात बघा काका, पोटातलं पाणी हललं का?”

“आणि इम्पाला?”

“इम्पाला म्हणजे हत्ती. सरळ रस्त्यावर उधळला की काय दिसायचा! पण वळण आलं की बाबांना घाम फुटायचा.”

“दादाला? छे.”

“मी मागच्या सीटवर असायचो, काका. मानेवरून ओघळताना बघितलाय.”

काचा बंद होत्या, आत थंड हवा होती. बाहेरचे ट्रक दुसऱ्या गावातून गेल्यासारखे वाटत होते. नागोठणं गेलं आणि सुकेळीची खिंड आली. खिंडीच्या तोंडाशी वाट राखणाऱ्या देवाचा, राखणदाराचा, शेंदूर लावलेला दगड होता. दादा तिथे वेग उतरवायचे, एक लांब हॉर्न द्यायचे आणि म्हणायचे, “येतो रे महाराजा, वाट दे.” इम्पालाचा हॉर्न दुहेरी सुराचा, जाड, छातीत घुमणारा.

दगड जवळ आला. अनय म्युझिक सिस्टिमबद्दल काहीतरी सांगत होता. ‘हॉर्न दे’ असं महादेवरावांच्या अगदी ओठांवर आलं आणि नेहमीसारखं तिथेच राहिलं. दगड मागे गेला.

आणि मागून हॉर्न वाजला. एकच. लांब, जाड, दुहेरी सुराचा. बंद काचांमधून आला असं नाही, कानाशीच वाजला.

अनयचा पाय ॲक्सिलरेटरवरून उचलला गेला. दोघांनी मान वळवली. लख्ख ऊन, आणि मागे वळणापर्यंत रस्ता रिकामा.

“काका.”

“हं.”

“ट्रक असेल.”

“असेल.”

थोडं पुढे गेल्यावर अनयनं हॉर्न दाबला. लॅन्सरचा आवाज बारीक, पोरकट निघाला. “येतो रे महाराजा,” तो पुटपुटला आणि आपल्या बाजूची काच खाली केली. कोलाड येईपर्यंत काच तशीच उघडी राहिली.

रोह्याला पोचल्यावर महादेवराव आधी शेडकडे वळले. इम्पाला विटांवर चढवलेली होती. गडी पोपट फडकं मारत होता.

“पोपट, हिचा हॉर्न वाजतो का रे?”

“कुठचा साहेब! ब्याटरी दिवालीलाच काढली. वायरी उंदरांनी खाल्ल्या. आता वाजायला काय हाय हितं? नाय म्हणायला बाईसाहेब बोलतात सांजच्याला, तेवढाच आवाज.”

महादेवराव दार उघडून दादांच्या जागेवर बसले. रेक्झिनचा आणि उंदरांचा वास. डोळे मिटून ते भावाची वाट पाहत राहिले. काही नाही. वाचनालय बंद करताना शेवटच्या दालनात जसं काही नसायचं, तसं. खिंडीत वाटली नव्हती एवढी भीती त्यांना इथे वाटली. म्हणजे वहिनी इतकी वर्षं रिकाम्या गाडीशी बोलत होत्या.

घरात वहिनींनी चहाचा कप पुढे केला. “भावोजी, बसून आलात ना? मग?”

अनय खाली जमिनीकडे बघत होता. महादेवरावांनी तोंड उघडलं.

“चहा छान झालाय.”

“नेहमीचाच आहे,” वहिनी म्हणाल्या. “दिवाळीपासून वाट बघतेय मी, आणि तुम्हाला सुचला तो चहा!”

महादेवराव एस्टीने पेणला परतले. खिंड आली तेव्हा ते खिडकीची दांडी घट्ट धरून बसले होते.

दुसऱ्या सकाळी त्यांनी कागद घेतला. या वेळी लॅन्सर नाही, सिटी नाही. ‘वहिनी, गाडी देऊन टाका. दादा तिच्यात नाहीत, मी बसून पाहिलं. ते सुकेळीच्या खिंडीत आहेत. आम्ही हॉर्न द्यायला चुकलो, तेव्हा त्यांनी मागून दिला. अनयनंही ऐकलाय, त्याला विचारा. नवी गाडी आली की तिथे जा, काच खाली करा आणि जे शेडमध्ये सांगता ते तिथे सांगा. मला भास झाला असेल.’

शेवटचं वाक्य त्यांनी खोडलं. पुन्हा लिहावंसं वाटेल म्हणून पाकीट लगेच चिकटवलं आणि चप्पल घालून निघाले. पोस्टाच्या पेटीपाशी हात थोडा वेळ आतच राहिला. मग बोटं सुटली आणि पाकीट तळाशी पडलं.