नम्र मेणबत्त्या आणि काळं अंगण

मेणबत्तीवाल्याच्या मेणबत्त्या अचानक फार नम्र झाल्या. सकाळी साच्यातून निघत तेव्हा शिपायासारख्या ताठ. संध्याकाळी पाहावं, तर सगळ्या कमरेत वाकून अंगणाच्या दाराला नमस्कार करताहेत. एक तर इतकी वाकली होती की स्वतःच्याच बुडाचा वास घेत होती, आणि हे कमी करून सांगितलंय.

एरवी त्याने त्या निमूटपणे पुन्हा कढईत टाकल्या असत्या. पण नव्या नाटकगृहाच्या उद्घाटनाला हातभर उंचीच्या ताठ मेणबत्त्या हव्या होत्या, आणि तिथल्या व्यवस्थापकाने स्वच्छ बजावलं होतं, "एक जरी वाकडी निघाली, तर पुढचं सगळं काम तुमच्या साडूला." साडूही मेणबत्त्याच करायचा. सोन्याचा दात दिसावा म्हणून तो मान तिरकी करून हसत असे. त्याच्यापुढे हरण्यापेक्षा मेणबत्तीवाल्याने उकळत्या मेणात उडी घेतली असती.

दोष सूर्याचा, हे तर उघड होतं. म्हणून ऊन डोक्यावर आलं की तो खिडक्यांवर गोणपाट टाकी, दार लावून घेई आणि आत पहारा देत बसे. भर दुपारी एकही मेणबत्ती हलत नसे. सूर्य कलला की "गेला एकदाचा!" म्हणत तो गार वाऱ्यासाठी अंगणाचं दार सताड उघडून ठेवी. आणि नेमक्या तेव्हाच त्या माना टाकत.

"अगं, ऊन कडक तेव्हा धडधाकट, ऊन उतरलं की आजारी! काय गौडबंगाल आहे हे?"

"मला काय विचारता?" वरच्या सज्जात कपडे वाळत घालणारी बायको म्हणाली. "अंगणात गवत होतं तेव्हा नव्हतं असलं काही."

"गवताचा काय संबंध? अंगण तर मी सुधारलं!"

सुधारलं म्हणजे, मेणाला धूळ चिकटू नये म्हणून त्याने गवत उपटून अंगणभर डांबर ओतलं होतं. तेव्हापासून मांजर ते ओलांडताना चारांपैकी एकच पाय टेकवत असे.

"वर आणून ठेवा," बायको म्हणाली. "इथे सावलीत बरं वाटतंय."

"वर? सूर्याच्या आणखी जवळ? हेच शिकवलं का माहेरी?"

"माहेर काढू नका. एक मला द्या, एक तुमच्याजवळ ठेवा."

खालची वाकली. वरची ताठच. त्याने वरची खाली आणली, तीही वाकली. जिना चढून-उतरून त्याच्या डोक्याचा पार भुगा झाला. शेवटी तो उंबऱ्यावर बसला, विचार करायला म्हणून हात मागे अंगणात टेकला आणि "आई गं!" करत उडालाच.

"भाजलं ना?" बायको वरून म्हणाली. "दिवसभर ऊन पिऊन बसलीय ती जमीन. आता तिच्या अंगावरून येणारा वारा गार कसा असेल? आणि तुम्ही दार उघडून त्यालाच आत घेता!"

"म्हणजे ऊन येतं वरून आणि उकाडा खालून?"

"आणि तोही उशिरा. तुमच्या साडूसारखा, बरोबर पानं मांडल्यावर."

त्याला कळलं, आणि नाहीही कळलं. पण सगळा माल त्याने सज्जाच्या सावलीत हलवला, आणि उद्घाटनाला एकूण एक मेणबत्ती ताठ उभी राहिली. व्यवस्थापकाने पुढचं काम तिथल्या तिथे पक्कं केलं.

साडू मान तिरकी करून जवळ आला. "काय साडूभाऊ, युक्ती काय?"

मेणबत्तीवाल्याला खरंच खरं सांगायचं होतं. "हे बघा, ऊन... म्हणजे ऊन नव्हे, जमीन... थांबा, ऊन जातं तेव्हा..." मग त्याला ज्याची पक्की खात्री होती तेवढंच तो बोलला, "उंचावर ठेवतो. सूर्याच्या जवळ."

दुसऱ्या दिवशी साडूने आपला सगळा माल पत्र्याच्या छपरावर मांडला. संध्याकाळपर्यंत तो माल वितळून पन्हळीतून गटारात उतरला होता आणि गल्लीच्या टोकापर्यंत एकच लांबलचक मेणबत्ती तयार झाली होती.

"खोटं सांगितलंत ना त्याला?" बायकोने विचारलं.

"अगं, देवाशपथ खरं सांगितलं!" तो डोकं खाजवत म्हणाला. "पण मग आपल्या का नाही वितळल्या?"

"सावली, अहो! सावली सांगायची राहिली. आणि तापलेला पत्रा म्हणजे तरी काय, उंचावर नेलेलं तुमचं अंगणच की."

तो एकदा सूर्याकडे बघे, एकदा डांबराकडे. दोघंही काही कबूल करेनात. शेवटी चप्पल पायात सरकवून तो कुदळ शोधायला गेला.