बर्फावर थांबायचं नाही

माझ्या बाबाकडून एक अख्खं वाक्य काढून दाखवायची पैज नेरेआने आल्या दिवशीच मारली होती. आठवडा सरला तरी तिची मजल 'हं', 'नाही' आणि 'मीठ' यांच्यापुढे गेली नव्हती.

नेरेआ बिल्बाओची. गेल्या वर्षी मी तिकडे सहा महिने शिकायला होते, तेव्हा तिच्याच घरी राहायचे. त्या घरात पाच माणसं एकाच वेळी बोलतात आणि कुणाचं काही अडत नाही. यंदा ती तशीच सहा महिन्यांसाठी फिनलंडच्या विद्यापीठात आली होती. फेब्रुवारीत आठवड्याची सुट्टी मिळाल्याबरोबर बोट, बस करत समुद्रापलीकडच्या आमच्या वोर्मसी बेटावर येऊन थडकली. घरात आम्ही दोघंच, मी आणि बाबा. आई जाऊन सहा वर्षं झाली. आईच्या मागे या घरात बोलणारा फक्त कुत्रा उरलाय, असं मी तिला आधीच सांगून ठेवलं होतं.

"मग मी कुत्र्यापासून सुरुवात करते," ती म्हणाली. आणि खरंच, कुत्र्याला हाका मारून मारून आमच्या भाषेतला 'ये' हा एक शब्द तिने पक्का केला.

बाबा एकटाच तसा आहे असं नाही. आमच्या अख्ख्या बेटाचीच अळीमिळी गुपचिळी. दुखणं आणि माया या दोन गोष्टी बोलून दाखवणं म्हणजे आमच्याकडे चारचौघांत नाक शिंकरण्यासारखं. मला याचा लहानपणापासून राग येतो, आणि मीही तशीच आहे.

सोमवारी तिला निघायचं होतं. बाहेर उणे अकरा. तिचं जाकीट बिल्बाओच्या पावसासाठी शिवलेलं, बर्फात त्याचा उपयोग शून्य. बाबाने दारात उभं राहून तिच्याकडे एकदा पाहिलं, अंगातलं जाड निळं कामाचं जाकीट काढलं, तिच्या खांद्यावर टाकलं आणि स्वतः नुसत्या स्वेटरवर बाहेर पडला. एक शब्द नाही.

"हे वाक्य धरायचं का?" नेरेआने हळूच विचारलं.

"नाही," मी म्हटलं. "पण जवळ आलीस."

बाबा सुतार आहे. त्या दिवशी त्याला अकरा खिडक्या पलीकडे किनाऱ्यावर पोचवायच्या होत्या. त्याची व्हॅन खिडक्यांनी इतकी भरली होती, की बर्फाच्या रस्त्यावर जेवढं वजन चालतं त्याच्या काठावर आली होती. म्हणून पुढे तो एकटा, मागे माझ्या छोट्या गाडीत मी आणि नेरेआ. तिला किनाऱ्यावरून बस धरून बोटीला जायचं होतं.

समुद्र गोठला की आमच्याकडे त्याच्यावरून रस्ता निघतो. बेटाच्या टोकाला म्हातारा वाइनो लाकडी खोपटात बसून गाडीचा नंबर, वेळ आणि माणसं लिहून घेतो आणि पलीकडे कळवतो. तो खिडकीशी आला.

"बेल्ट काढा. दारं नुसती टेकवा. वेग पंचवीसच्या खाली, नाहीतर चाळीसच्या वर. मधला नको. मधल्या वेगाने बर्फाखालचं पाणी हेलकावतं, आणि हेलकावलं की फोडतं. अडीचशे मीटर अंतर. आणि थांबायचं नाही."

"माहीत आहे, वाइनो."

"तुला माहीत आहे. तिला सांग."

तेवढ्यात नेरेआने सवयीने बेल्ट लावलाच. वाइनोने काचेवर टकटक केली. "पोरी, बुडायचं तर बांधून घेऊन बुडणार आहेस का?"

मी भाषांतर करताना बुडायचा भाग गाळला. तिला कळायचं ते कळलं. तिने बेल्ट असा सोडला, जसा काही तो चावला.

मी अठराची झाले तेव्हा बाबाने मला याच रस्त्यावर गाडी शिकवली होती. त्या दिवशी तो जेवढं बोलला तेवढं नंतर वर्षभरात बोलला नसेल. "बर्फावर थांबायचं नाही. मी मधे उभा राहून हात केला तरी नाही." मला तेव्हा हसू आलं होतं.

रस्ता दहा किलोमीटरचा. दोन्ही बाजूंना खुणेला जुनिपरच्या झुडपाच्या फांद्या रोवलेल्या. जायची वाट वेगळी, परतीची वेगळी, मधे शंभर मीटर. पुढे बाबाची पांढरी व्हॅन ठिपक्याएवढी. पहिले चार किलोमीटर नेरेआ एकटीच बोलत होती. भीती वाटली की ती दुप्पट बोलते. मग तिला थंडी वाजली आणि तिने हात जाकिटाच्या खिशांत घातले.

"तुझ्या बाबाचे खिसे म्हणजे दुकान आहे." ती एकेक वस्तू काढून मांडीवर ठेवू लागली. पेन्सिलीचा तुकडा, मूठभर स्क्रू, पुदिन्याची गोळी, आणि एक छोटी लाल बाटली. "हा कसला फवारा? दाताचा?"

मी एक डोळा रस्त्यावर ठेवून बाटलीवरची चिठ्ठी वाचली. वर बाबाचं नाव. तारीख ऑक्टोबरातली. खाली लिहिलं होतं: छातीत दुखल्यास जिभेखाली, एक किंवा दोन फवारे. सतत जवळ बाळगा.

मला आधी राग आला. भीती मागाहून. ऑक्टोबरात तो 'दात दाखवायला' म्हणून किनाऱ्यावर दोन दिवस राहिला होता. चार महिने या माणसाने ताकास तूर लागू दिला नव्हता. आणि आज सकाळी तो आपला जीव खिशात विसरून, जाकिटासकट एका पाहुणीला देऊन मोकळा झाला होता. परत मागायचं तर कशाला हवं ते सांगावं लागलं असतं. म्हणून नसेल मागितलं. मला त्याची खात्रीच होती.

"फोन लाव त्याला," मी म्हटलं. तिने लावला. रिंग वाजत राहिली.

आणि पुढचा ठिपका मोठा होऊ लागला.

मी काट्याकडे पाहिलं. मी पंचेचाळीसवर होते. म्हणजे बाबा तीसच्या आसपास आला होता. तीसच्या वेगाने बर्फावर बाबा जिवंतपणी गाडी चालवणार नाही. मी पाय काढला आणि वेग विसाखाली आणला. पुढे व्हॅनचे मागचे लाल दिवे लागले, आणि व्हॅन थांबली.

"तो थांबलाय," नेरेआ म्हणाली. "थांबायचं नसतं ना?"

"नसतं."

"मग जवळ जा ना, केर्स्ती."

"नाही जाता येत. त्याची गाडी अडीच टन. आधीच बर्फ त्याच्याखाली वाकत असेल. शेजारी आपण गेलो तर सगळेच खाली."

तिने मदतीचा नंबर लावून फोन माझ्या कानाशी धरला. पलीकडची बाई शांत होती. हवेच्या गादीवर बर्फावरून धावणारी बचावनौका निघते आहे, बावीस मिनिटं लागतील. तुमची गाडी थांबवू नका, जवळ नेऊ नका. पायी कुणी जाऊ शकत असेल तर व्हॅनमधल्या माणसाला बाहेर काढा आणि लांब न्या.

माणूस चालत्या पावलाने जाईल एवढ्यावर मी वेग आणला होता. व्हॅन तीनशे मीटरवर.

"मी उतरते," मी म्हटलं. "तू चाक धर."

"मला गाडी येत नाही. तुला माहीत आहे."

माहीत होतं. बिल्बाओत आम्ही दोघी बसनेच हिंडायचो.

"मी जाते," ती म्हणाली. "बावन्न किलोची आहे मी. काय करायचं सांग."

"जिभेखाली दोन फवारे. मग त्याला बाहेर काढ आणि जितकं लांब नेता येईल तितकं ने. तो ऐकणार नाही. ओरड."

"काय ओरडू?"

"'ये' म्हण. कुत्र्याला म्हणतेस तसं."

ती हसली नाही. टेकवलेलं दार ढकलून उतरली, पडली, उठली आणि बाटली मुठीत धरून चालू लागली. मी गाडी फांद्यांच्या रांगेतून वळवून परतीच्या वाटेवर घेतली. विसाच्या वेगाने. त्याहून जोरात जायचं तर मधला वेग पार करावा लागला असता, आणि त्याच्याजवळ पाणी हेलकावायला नको होतं.

म्हणून मला सगळं नीट दिसलं. बाबाचं कपाळ स्टिअरिंगवर टेकलेलं. मागच्या चाकांभोवती बर्फ काळा पडलेला, म्हणजे पाणी वर आलेलं. मी समोर आले तेव्हा त्याने मान वळवली. शंभर मीटरवरून चेहरा कळत नाही, पण बाबाची मान मला कळते. त्याचा हात काचेपाशी आला आणि दोन बोटं पुढे हलली. जा.

मी गेले. माझ्या बाबाला ओलांडून मी पुढे गेले. आरशात निळं जाकीट व्हॅनच्या रोखाने जाताना दिसलं, मग फांद्या आड आल्या.

किनारा यायला किती वेळ लागला ते सांगता येणार नाही. तिथल्या चौकीवरच्या माणसाला वाइनोने कळवलेलं होतं. तो कागद घेऊन पुढे आला. "दोन गाड्या, तीन माणसं," तो म्हणाला आणि माझ्या गाडीत वाकून पाहिलं. "बाकीची?"

मी सांगितलं. तो वायरलेसकडे वळला, आणि तो वळला तशी मी गाडी मागे घेतली. मला माहीत होतं हा मूर्खपणा आहे. पण सहा वर्षांपूर्वी आईला न्यायला आलेल्या गाडीच्या मागे बाबा मला जाऊ देत नव्हता, आणि मी ऐकलं होतं. आज ऐकायचं नाही, एवढंच डोक्यात होतं. चाकं बर्फावर चढली तोच टेकवलेलं दार उघडलं. त्या माणसाने धावत्या गाडीत हात घालून किल्ली फिरवली आणि काढून घेतली.

"दे इकडे," मी म्हटलं.

"नाही देत."

"माझा बाबा आहे तो."

"म्हणूनच नाही देत." त्याने किल्ली खिशात टाकली आणि माझ्या हातात दुर्बीण दिली. "हे घे. हे करता येईल तुला."

दुर्बिणीतून व्हॅन दिसली, एका बाजूला कललेली. तिच्यापासून बरंच लांब बर्फावर दोन माणसं खाली बसलेली, एकच निळं जाकीट दोघांच्या खांद्यांवर. हलतात की नाही ते कळत नव्हतं. मी सेकंद मोजायला लागले आणि दर वेळी शंभराच्या आत चुकले. मग उजवीकडून बचावनौका आली, बर्फ उडवत. तिने दोघांना उचलून घेतलं आणि थोड्याच वेळात व्हॅनचा मागचा भाग खाली गेला. अकरा खिडक्या. काचा चमकल्या तेवढ्या दिसल्या.

दवाखान्यात डॉक्टरीण म्हणाली, फवारा वेळेवर मिळाला. आणखी पंधरा मिनिटं गेली असती तर काय, ते तिने सांगितलं नाही. मी भिंतीला टेकून रडले, आवाज न करता. आमची रीत.

नेरेआ कॉरिडॉरमध्ये बाकावर बसली होती, अजून त्याच जाकिटात. तिची बोट चुकली होती. संध्याकाळी दुसरी होती.

"पैज मी जिंकले," ती म्हणाली. आवाज पार बसला होता. "बाहेर काढल्यापासून बचावनौका येईपर्यंत तो बोलतच होता, केर्स्ती. थांबलाच नाही. मी माझ्या भाषेत, तो तुमच्या. एक अक्षर कळलं नाही मला. तुझं नाव तेवढं कळायचं. आणि एक शब्द सारखा यायचा. कार्दान. म्हणजे काय?"

बावीस वर्षांत मी तो शब्द बाबाच्या तोंडून ऐकला नव्हता. आईच्या वेळीही नाही. हवामानाबद्दल असेल काहीतरी, असं सांगून मी मोकळी होणार होते. ओठांवर आलंच होतं.

"'भीती वाटते,'" मी म्हटलं. "'मला भीती वाटते.'"

नेरेआने जाकिटाची बाही डोळ्यांवर ओढली.

मी आत गेले. बाबाला नळ्या लावलेल्या होत्या आणि तो छताकडे बघत होता.

"खिडक्या?" त्याने विचारलं.

"गेल्या."

"हं."

मी खुर्ची ओढली. रोजच्यासारखं गप्प बसता आलं असतं, आणि दोघांनाही बरं वाटलं असतं. "नेरेआने सांगितलं मला. तू कार्दान म्हणत होतास."

"चुगलखोर पोर."

"बाबा, ऑक्टोबरपासून मला सांगितलं नाहीस. मी तुझ्यावर फार चिडले आहे. आणि मला कळायला हवं. कशाची भीती वाटत होती?"

तो पुन्हा छताकडे बघू लागला.

"तू परत वळून येशील, याची," बाबा म्हणाला.

एक अख्खं वाक्य. साक्षीला नेरेआ नव्हती. खोटं बोलायला मला फार काही लागलं नसतं.

"वळलेच होते," मी म्हटलं. "चौकीवरच्या माणसाने किल्ली काढून घेतली. दिलीच नाही."

बाबाने डोळे मिटले. चादरीवरचा त्याचा हात माझ्या हाताशी आला आणि तिथेच राहिला.

"त्याला एक खिडकी करून दिली पाहिजे," तो म्हणाला.