पाहुण्यांचे कप

सासूबाईंच्या निळ्या फुलांच्या कपातून चहा प्यायला की माणूस पाहुणा होतो, हे हेमांगी टिपणीसला रविवारी सकाळी कळलं. तोवर तिच्या नवऱ्याने दोन घोट घेतले होते.

सेट बोनचायनाचा, काठाला सोनेरी रेघ. सासूबाईंनी तो जन्मभर शोकेसमध्ये जपला, 'तसंच कोणी आलं तर' काढायला. तसं कोणी आलं नाही. माणिकताईला, म्हणजे हेमांगीच्या नणंदेला, बघायला आलेल्या मंडळींनाही चहा स्टीलच्या पेल्यांतूनच मिळाला. तरीही लग्न जमलं, तेव्हा सासूबाईंना आपलं धोरण बरोबर असल्याची खात्रीच पटली. त्या गेल्यावर सेटचं करायचं काय, हा प्रश्न आला. "मला नको गं बाई," माणिकताई म्हणाली, "माझ्याकडे माझ्या सासूचा पडलाय." भांडीवालीला देऊ केला, तर तिने हात लावला नाही. शेवटी हेमांगीने ठरवलं, आपणच वापरू. आपण काय कमी आहोत?

दुसऱ्या घोटानंतर श्रीरंग सोफ्याच्या कडेवर सरकला आणि त्याने पाय जुळवले.

"कशाला एवढा त्रास घेतलात," तो म्हणाला.

"चहाच तर आहे."

"नाही, पण तरी." तो भिंती बघू लागला. "छान आहे घर. स्वतःचं?"

श्रीरंगला विनोद करायची सवय नव्हती. हेमांगीला भीती वाटायला हवी होती. आधी कुतूहल वाटलं. तिने हार घातलेल्या फोटोकडे बोट केलं. "ओळख, या कोण?"

"तुमच्या आई?"

"तुझ्या."

"अस्सं. चेहऱ्यावरून फार प्रेमळ वाटतात." पाहुण्यांचा अंदाज नेहमी असाच असतो.

मग तिने आतून त्याचा रोजचा पेला आणला. त्या घरात नाव कोरल्याशिवाय भांडं फळीवर चढत नसे. श्रीरंगने पेला फिरवून वाचलं, 'चि. श्रीरंग, मुंजीनिमित्त', आणि अदबीने परत केला. "हा मिस्टरांचा दिसतोय. मी कसा घेऊ?"

हेमांगी बेडरूममध्ये गेली. डबलबेड एका माणसाच्या मापाचा झाला होता. श्रीरंगचे शर्ट घड्या घालून बॅगेत बसले होते आणि बॅग स्वतःहून चपलांच्या स्टँडकडे निघाली होती. हॉलही आखडत होता. बाहेरचं दार सोफ्याच्या इतकं जवळ आलं होतं, की बसल्या बसल्या कडी काढता आली असती.

तिने माणिकताईला फोन लावला.

"त्यातून चहा दिलास?" माणिकताई ओरडली नाही, हे वाईट लक्षण होतं. "आईने बाबांना दिला होता. एकदाच, त्यांच्या वाढदिवसाला."

सासरे घरातून का गेले, हे टिपणीसांकडे कोणी कधी सांगितलं नव्हतं.

"मग?"

"मग काय. कप संपवला, 'बराय, येतो' म्हणाले. आई म्हणाली, 'पुन्हा या.' सवयीने गं. अजून आलेले नाहीत."

"पण संपेपर्यंत उठत नाही ना?"

"चहा टाकून उठायला दादा काय असंस्कृत आहे? ओतत राहा, वहिनी."

हेमांगी ओतत राहिली. "अर्धा कप अजून." "नको, खरंच नको." "असं कसं, घ्यायलाच हवा." तो घ्यायचा. नवं आधण ठेवायला आत जावं तर पाहुणा एकटा पडला असता, आणि एकटा पडलेला पाहुणा उठतो. किटलीत शेवटचा कपभर चहा उरला. श्रीरंगने एक चप्पल पायात घातली होती, दुसरी तो अंगठ्याने चाचपत होता.

तिला एक गोष्ट जाणून घ्यायची होती. निरोप घ्यायला घरचं माणूस लागतं. घरचं कोणी उरलंच नाही, तर पाहुणा 'येतो' म्हणणार कोणाला?

शेवटचा चहा तिने दुसऱ्या निळ्या कपात ओतला आणि स्वतः प्यायली.

चहा बरा होता. आलं जरा जास्त. कोणी केला कोण जाणे. हेमांगी सोफ्याच्या कडेवर सरकली, पदर सारखा केला. शेजारी एक गृहस्थ एकाच पायात चप्पल घालून बसले होते.

"तुम्हीपण यांच्याकडेच?" तिने विचारलं.

"हो. केव्हाचं निघायचंय. पण सांगून निघावं कोणाला?"

"बसू या थोडं. येईल कोणीतरी बाहेर."

भिंतीवर एक हार टांगलेला होता. नुसताच, आत फोटो नव्हता. दोघांनी आतल्या पडद्याकडे पाहिलं. बांगड्या वाजल्या. पडदा हलला, आणि आधी ट्रे बाहेर आला. त्यात स्टीलचे दोन पेले होते, वाफाळते. नावं कोरलेली बाजू पलीकडे होती.